क्रूझवरून भेटवस्तू आणि मदतीचे साहित्य किनाऱ्यावर नेताना : नाशिककरांसाठी काही सूचना

क्रूझच्या सफरीचे सामान भरताना आपल्याकडे अनेक घरांत एक पिशवी वेगळी ठेवली जाते. वाटेतल्या एखाद्या बंदरावरच्या शाळेसाठी वह्या-पेन्सिली, ओळखीच्या कुटुंबासाठी चिवडा आणि एखादे तांब्याचे भांडे, कोणाच्या तरी लहानग्यांसाठी खेळणी असे काहीबाही तिच्यात जमत जाते. हेतू चांगलाच असतो, परंतु यांतील बऱ्याच पिशव्या न उघडता नाशिकला परत येतात, काहींतील निम्म्या वस्तू जेटीवरच काढून ठेवाव्या लागतात आणि काही योग्य ठिकाणी पोहोचूनही तिथे उपयोगाच्या ठरत नाहीत. बोटीवरून साहित्य उतरवण्याचे काम वरवर पाहता बंदरावरचे वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग निघण्याच्या दोन महिने आधी, घरी बसून करावा लागतो. तो कसा करावा, हे स्वतः केलेल्या चुकांसह येथे लिहीत आहे.

आमच्या पहिल्या सफरीत आम्ही मुंबईहून निघून कोचीला उतरणार होतो आणि तिथल्या एका शाळेत ओळखीच्या शिक्षिकेमार्फत जाणार होतो. मी स्वतः आयुष्यभर शाळेत शिकवले असल्याने मुलांना काय लागते हे मला ठाऊक आहे, असा माझा समज होता. मेन रोडवरच्या दुकानातून चार डझन चाररेघी वह्या घेतल्या, त्यांची दोन गाठोडी बांधली आणि ती ओढत आम्ही शाळेत पोहोचलो. मुख्याध्यापिकांनी वह्या आनंदाने ठेवून घेतल्या, चहा दिला, आणि निरोप घेताना कपाटाकडे बोट दाखवून सांगितले की वह्यांची तशी अडचण नाही, पण मुलांचे फुटबॉल महिन्याभरापासून पडून आहेत, कारण पंपाला लावायची हवेची सुई हरवली आहे. कपाटात खालच्या खणात सात-आठ मऊ पडलेले फुटबॉल एकावर एक ठेवलेले होते. ती सुई आपल्याकडे खेळाच्या कोणत्याही दुकानात किरकोळ किमतीला मिळते आणि तिचे वजन हातालाही जाणवत नाही. एका फोनने हे आधी कळले असते.

आधी विचारणे

म्हणून पहिली पायरी खरेदीची नसून विचारण्याची आहे. आपण ज्या बंदरावर उतरणार आहोत तिथे कोणाला द्यायचे आहे, त्या संस्थेतील जबाबदार व्यक्ती कोण, तिला नेमके काय हवे आणि किती हवे, हे लेखी विचारून घ्यावे. प्रवासी आपल्या सामानात थोडे साहित्य घेऊन जातील आणि तिथल्या शाळांना व दवाखान्यांना देतील, याच कल्पनेवर काम करणारी ‘पॅक फॉर अ पर्पज’ नावाची एक अमेरिकन संस्था आहे. कोणत्या ठिकाणी कोणत्या वस्तूंची गरज आहे याच्या याद्या ती देते आणि प्रत्येक प्रवाशाने साधारण पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आसपास वजन नेले तरी पुरे, असे सांगते. तिच्या हिशेबाने एवढ्या वजनात ४०० पेन्सिली बसतात, किंवा हवा काढलेले पाच फुटबॉल पंपासह बसतात, किंवा एक स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजण्याचा पट्टा आणि जखमेवर लावायच्या ५०० चिकटपट्ट्या बसतात. आपले बंदर त्या यादीत नसले तरी हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण आपल्याकडे ‘द्यायचेच तर भरपूर द्यावे’ या भावनेने बॅग वीस किलोंवर जाते आणि पुढे ती उचलणाऱ्याची कंबर धरते.

पत्र किंवा मेल लिहिताना बोटीचे नाव, बंदरावर पोहोचण्याची व निघण्याची वेळ, आपण किती जण येणार आणि आपल्याकडे प्रत्यक्ष किती तास असतील, हे स्पष्ट लिहावे. त्याबरोबर एक गोष्ट न लाजता विचारावी : असे साहित्य देशात आणताना सीमाशुल्क किंवा परवानगी लागते का, आणि लागत असल्यास ती कोण काढणार? काही देशांत नोंदणीकृत संस्थेला शुल्कमाफी मिळते, परंतु ती माल येण्याआधी मागावी लागते; बॅग जेटीवर उघडून ठेवल्यानंतर त्या माफीचा उपयोग होत नाही.

तारीख ठरवताना तिथली दिनदर्शिका पाहावी. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी शाळेला कुलूप असते. एरवीही तिथल्या शाळा सकाळी साडेसातला भरून दुपारी दीडला सुटतात. बोट सकाळी आठला लागली, उतरायला दहा वाजले आणि शहरातल्या रहदारीत तास गेला, तर हातात फार वेळ उरत नाही. मालदीवमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी बोट मालेला लागणार म्हणून आपण शाळा बंद असेल असे गृहीत धरतो, आणि ती नेमकी चालू असते.

अनाथाश्रमांबाबत मात्र मी सावध राहण्यास सांगेन. पर्यटकांच्या ओघात असलेल्या काही भागांत पर्यटकांना दाखवण्यासाठी मुले ठेवली जातात, आणि त्यांतील अनेकांचे आईवडील हयात असतात. युनिसेफनेही याविषयी इशारे दिलेले आहेत. जेटीबाहेरचा रिक्षावाला ‘चला, अनाथ मुले दाखवतो’ म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. शाळा, सार्वजनिक ग्रंथालय किंवा सरकारी आरोग्य केंद्र यांच्याशी आधी ठरवून जाणे अधिक बरे.

भेट वेगळी, मदत वेगळी

ओळखीच्या माणसाला आपुलकीने द्यायची वस्तू ही भेट, आणि संस्थेच्या गरजेसाठी नेलेली वस्तू ही मदत. या दोन्हींचे नियम, कागदपत्रे आणि खरेदीची जागाही वेगळी असते. भेट नाशिकचीच असावी, त्यातच तिची गोडी आहे : येवल्याच्या पैठणीच्या काठाचा बटवा, तांबट आळीतला लहान तांब्या, पाकीटबंद चिवडा. मदतीचे साहित्य मात्र शक्य असेल तिथे त्याच बंदराच्या बाजारातून घ्यावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. कोलंबोत पेट्टाच्या बाजारात वह्या, दप्तरे, खेळाचे सामान सगळे मिळते; तिथल्या मुलांना लागणाऱ्या आखणीची वही मिळते, तिथल्या दुकानदाराला चार पैसे मिळतात आणि सीमाशुल्काचा प्रश्नच उरत नाही. नाशिकहून न्यायचे ते फक्त तिथे मिळत नाही किंवा फार महाग पडते, असे संस्थेने स्वतः सांगितले असेल तेवढेच. आमच्या घरात या मतावर अजून एकमत नाही, कारण यजमानांना वस्तू आपल्या हाताने निवडून नेण्यात आनंद वाटतो. त्यांचा आनंद मी सुयांपुरता आणि पंपांपुरता मान्य केला आहे.

काय नेऊ नये

या भागावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या घरात निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूच परदेशी जेटीवर अडकतात.

खाद्यपदार्थांपासून सुरुवात करू. द्राक्षांच्या हंगामात सफर असेल तर पिंपळगाव-दिंडोरीकडची एखादी पेटी बरोबर घ्यावी असे वाटणे नाशिककराला स्वाभाविक आहे, पण ताजी फळे, भाज्या, बिया, रोपे आणि मांस यांना बहुतेक बंदरांवर उतरवण्यास मनाई असते किंवा परवाना लागतो. कारण चवीचे नसून कीड आणि रोगांचे आहे. फळाबरोबर एखादी फळमाशी बेटावर गेली तर तिथल्या बागा संकटात येतात. न्यूझीलंडमध्ये असे जोखमीचे अन्न न सांगता आणल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो, आणि मध तर तिथे प्रवाशाला नेताच येत नाही. ऑस्ट्रेलियाचे नियमही तितकेच कडक आहेत. बोटीच्या उपाहारगृहातले सफरचंद किंवा केळे सहज पर्समध्ये राहून जाते. तेसुद्धा याच नियमात येते. घरी केलेले लाडू, चकल्या आणि लोणची यांवर घटकांची छापील पट्टी नसल्याने अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहतो, म्हणून भेटीसाठी कारखान्यात सीलबंद केलेले, इंग्रजीत घटक छापलेले पाकीटच घ्यावे, आणि तेही घोषणापत्रात लिहावे.

खसखशीची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी खसखस नेण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी असते. आपल्याकडून दुबई आणि सिंगापूर या दोन्ही बंदरांतून क्रूझला जाणारे पुष्कळ लोक आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्या बॅगेत अनारशांचा डबा असतो. अनारसा ज्या बाजूने खसखशीवर थापला जातो ती बाजू एकदा डोळ्यांसमोर आणावी; त्यावर शेकडो दाणे उघड चिकटलेले असतात आणि ते झटकून जात नाहीत. गोडा किंवा गरम मसाला घरी केलेला असेल आणि त्यात खसखस भाजून घातली असेल, तर तोही घरीच ठेवावा. सिंगापूरमध्ये १९९२ पासून च्युइंगगम आणण्यास बंदी आहे, हे लहान मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटांची पाकिटे भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मालदीवचा प्रसंग आमच्याच घरातला आहे. माझ्या नणंदेने तिथल्या वाटाड्याला आणि बोटवाल्याला देण्यासाठी पितळेचे चार छोटे गणपती घेतले होते, लाल मखमली पिशव्यांत घालून. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणण्यास कायद्याने मनाई आहे. तसेच मद्य आणि डुकराचे मांसही चालत नाही. हे आम्हाला बोटीवर आदल्या रात्री, दुसऱ्या दिवसाचे सूचनापत्रक वाचताना कळले. चौघे गणपती खोलीतल्या तिजोरीत राहिले, मालेला आम्ही फक्त चिवड्याची पाकिटे घेऊन उतरलो, आणि त्यांतील एक मूर्ती आजही नणंदेच्या देव्हाऱ्यात प्रवास करून आल्याच्या थाटात बसलेली आहे. देवाच्या तसबिरी, धार्मिक पुस्तके, आणि ज्यांच्या मुखपृष्ठावर देवतांची चित्रे आहेत अशा वह्या यांचाही अशा ठिकाणी आधी विचार करावा.

पिशव्यांचाही विचार व्हायला हवा. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि तिच्यासाठी दंड व कैदेची तरतूद आहे. टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे, आणि झांझिबारलाही अशा पिशव्या चालत नाहीत. मॉरिशस आणि सेशेल्समध्येही प्लास्टिकच्या पिशव्यांवर निर्बंध आहेत. आपण वस्तू सुटसुटीत राहाव्यात म्हणून प्रत्येक मुलाचा संच वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधतो आणि तिथेच चुकतो. त्याऐवजी आपल्या भागातल्या महिला बचत गटाकडून नाडीच्या कापडी पिशव्या शिवून घ्याव्यात. पिशवी स्वतःच उपयोगाची वस्तू होते.

वापरलेले कपडे नेऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. इंडोनेशियासारख्या देशात जुन्या कपड्यांच्या आयातीला बंदी आहे. बंदी नसलेल्या ठिकाणीही त्यांची वर्गवारी, धुलाई आणि साठवण हे काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. आपल्या कपाटातली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही.

औषधांबाबत नियम अधिक काटेकोर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यांनुसार औषध पोहोचल्यावर त्याची मुदत साधारणपणे किमान एक वर्ष शिल्लक असावी, आणि एकदा रुग्णाला दिलेली व उरलेली औषधे परत गोळा करून दान करू नयेत. म्हणजे घरातल्या डब्यात उरलेल्या अर्ध्या पट्ट्या बाद होतात. त्याशिवाय कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक द्रव्ये असलेली औषधे अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत, आणि खोकल्याचे एखादे औषध आपल्याला साधे वाटत असले तरी त्यात कोडीन असू शकते. सामान्य प्रवाशाने औषधे दान करण्याच्या भानगडीत पडूच नये. आरोग्य केंद्राने मागितले असेल तर थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र, बँडेजच्या गुंडाळ्या अशा वस्तू न्याव्यात.

दुबईविषयी आणखी एक बाब : तिथे परवानाधारक संस्थांशिवाय कोणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत. त्यामुळे बोटीवरच्या सहप्रवाशांकडून वर्गणी काढून किनाऱ्यावर काही देण्याचा बेत कितीही चांगला वाटला, तरी तो तिथे करू नये.

बांधाबांध आणि कागद

वस्तूंची पेटी नको, बॅग हवी, आणि तीही पाठीवर घेता येणारी. खोके दोन हातांनी धरावे लागते आणि बोटीतून उतरताना दोन्ही हात मोकळे असणे किती आवश्यक आहे हे पुढे येईलच. फुटबॉल, व्हॉलीबॉल हवा काढून चपटे करावेत आणि पंपाबरोबर किमान तीन-चार सुया ठेवाव्यात. पेन्सिली, खोडरबर यांची किरकोळ खोकी काढून टाकली तर जागा निम्म्याने वाचते. कंपास पेट्या नेत असाल तर करकटक आणि विभाजक यांची टोके लक्षात घ्यावीत : विमानाने बंदरापर्यंत जायचे असल्यास त्या मोठ्या बॅगेत टाकाव्यात, हातातल्या बॅगेत नव्हे. कात्र्या बोथट टोकाच्या आणि आखूड पात्याच्या घ्याव्यात, कारण सुमारे दहा सेंटिमीटरहून लांब पाते अनेक क्रूझ कंपन्या बोटीवर चालू देत नाहीत. तांब्याचे भांडे क्ष-किरण यंत्रात गडद दिसते. त्याच्या आत काही कोंबून जागा वाचवण्याचा मोह टाळावा, नाहीतर तपासणाऱ्याला ते उघडून पाहावेच लागते. मेणबत्त्या, उदबत्त्या, पणत्या यांचे संच दिवाळीची भेट म्हणून छान दिसतात, परंतु बोटीवर आगीच्या भीतीने पेटवण्याच्या वस्तूंबाबत फार कडक धोरण असते, तेव्हा ते वगळावेत.

कागदांची एक पातळ फाइल करावी. तिच्यात संस्थेने आपल्या लेटरहेडवर दिलेले पत्र असावे, ज्यात आपले नाव, येण्याची तारीख आणि स्वीकारायच्या वस्तू लिहिलेल्या असतील. वस्तूंची इंग्रजीत यादी असावी, नग आणि अंदाजे किमतीसह. आणि दुकानाच्या पावत्या असाव्यात. मेन रोडवर किंवा रविवार कारंज्यावर खरेदी करताना ‘पक्के बिल द्या’ असे सांगावे लागते, अन्यथा मागच्या कोऱ्या कागदावर आकडेमोड करून मिळते. एकाच जातीच्या शंभर वस्तू पाहिल्यावर अधिकाऱ्याला पहिली शंका व्यापाराची येते, आणि ती शंका फेडण्याचे काम हे पत्रच करते. वजन वाटून घेण्यासाठी साहित्य चार प्रवाशांत विभागले तर काही बिघडत नाही, पण प्रत्येकाजवळ यादीची आणि पत्राची प्रत असावी. शुल्क चुकवण्यासाठी ‘हे माझे स्वतःचे आहे’ असे सांगणे मात्र अजिबात करू नये. चार डझन खोडरबर कोणाच्याही वैयक्तिक वापराची नसतात, हे समोरच्याला कळते.

आणखी एक गोष्ट, जी ओळखीच्या लोकांत सांगायला संकोच वाटतो : सीलबंद पुडके कोणाचेही घेऊ नये. ‘तुम्ही जाताच आहात तर एवढे तिथल्या आमच्या माणसाला द्या’ असे म्हणणारा शेजारी सज्जन असला तरी पुडके आपल्यासमोर उघडून, पाहून, पुन्हा बांधूनच घ्यावे. बॅगेत काय आहे याची जबाबदारी ती वाहणाऱ्याची असते.

मुंबईहून बोट असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणे सोयीचे, कारण बॅलार्ड पिअर भागातले क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने थोड्याच अंतरावर आहे. त्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. टर्मिनलवर मोठ्या बॅगा पट्ट्यावर द्याव्या लागतात आणि त्या खोलीच्या दारात काही तासांनी येतात, म्हणून फाइल हातातल्या पिशवीतच ठेवावी. देशांतर्गत सफरीत गोवा किंवा कोचीला सीमाशुल्काचा प्रश्न सहसा येत नाही, सुरक्षा तपासणी मात्र प्रत्येक वेळी होते.

बोटीवर आणि जेटीवर

बोटीवर गेल्यावर पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन आपण कोणत्या बंदरावर काय घेऊन उतरणार आहोत ते सांगावे आणि फाइल दाखवावी. त्या बंदराच्या एजंटशी बोटीचा संपर्क असतो, त्यामुळे एखादी अडचण असेल तर ती आदल्या दिवशी कळते. रोज रात्री खोलीत येणारे किंवा ॲपवर दिसणारे सूचनापत्रक वाचावे. खाद्यपदार्थ, मूर्ती, पिशव्या यांविषयीच्या सूचना त्यातच असतात, आणि आमचे गणपती त्यामुळेच वाचले.

बोट धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून लहान बोटींनी लोकांना नेणार, हे आधी विचारून घ्यावे. धक्क्याला लागली तर शिडीवरून सरळ चालत उतरता येते आणि चाकांची बॅगही चालते. मालेसारख्या ठिकाणी मात्र मोठी बोट बाहेर थांबते आणि लहान बोटीत पाऊल टाकावे लागते. तिथे दारातला खलाशी आपला कोपरापासून हात धरतो, लाटेबरोबर लहान बोट हातभर वर येते, पुन्हा खाली जाते, आणि ती वर आली की तो ‘आता’ म्हणतो. त्या क्षणी हातात गाठोडे असेल तर पाऊल चुकते. खलाशी माणसाला आधार देतात, सामान उचलून देणे हे त्यांचे काम नसते. म्हणून पाठीवरची बॅग, आणि तीही जिना चढताना दम लागणार नाही एवढ्याच वजनाची. बोटीकडून विकलेल्या सहलींच्या प्रवाशांना लहान बोटीत प्राधान्य मिळते, स्वतंत्रपणे उतरणाऱ्यांना थांबावे लागते, आणि तो वेळ शाळेशी ठरवलेल्या वेळेत धरून ठेवावा.

उतरताना ओळखपत्राचे कार्ड यंत्रावर टेकवले जाते. पासपोर्ट पुष्कळदा बोटीकडेच जमा असतो, म्हणून त्याची छायाप्रत जवळ ठेवावी. जेटीवर सीमाशुल्काचे टेबल असेल तर कोणी बोलावण्याची वाट न पाहता स्वतः जाऊन फाइल पुढे ठेवावी. अधिकाऱ्याने एखादी वस्तू नाकारली तर वाद घालू नये. ती बोटीवर परत नेता येईल का, एवढेच विचारावे. शुल्क मागितले तर अधिकृत पावती मागावी, आणि रक्कम वस्तूंच्या किमतीच्या मानाने मोठी असेल तर ते साहित्य परत नेण्याचा पर्याय निवडावा.

घड्याळाचा घोळ हा आपल्याला न सुचणारा भाग आहे. श्रीलंकेची वेळ भारताइतकीच आहे, मालदीवची अर्धा तास मागे आणि दुबईची दीड तास मागे. बोटीचे घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे फिरवले आहे की नाही हे कप्तानाच्या घोषणेवरून कळते, आणि परतीची वेळ नेहमी बोटीच्या घड्याळाप्रमाणे असते. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांना आत यावे लागते. स्वतंत्रपणे टॅक्सी करून गेलेल्या प्रवाशासाठी बोट थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो. शाळेत मुलांनी गाणे बसवलेले असते, चहा ठेवलेला असतो, आणि निघताना जीव तुटतो, हे खरे. तरीही निदान दीड तास हातात ठेवून निघावे.

हाती सोपवताना

रामकुंडावर एखाद्याने सुट्ट्या पैशांची पिशवी उघडली की काय होते, ते प्रत्येक नाशिककराने पाहिलेले आहे. पहिल्या नाण्याला दोन हात पुढे येतात, दुसऱ्याला दहा, आणि पाचव्या मिनिटाला देणारा घाटाच्या भिंतीला टेकलेला असतो, तर सर्वांत लहान मूल मागे राहिलेले असते. जेटीबाहेर पेन्सिली किंवा गोळ्या वाटायला लागल्यावर याहून वेगळे काही घडत नाही. त्यातून मुलांना शाळेच्या वेळेत बोटीपाशी येण्याची सवय लागते, ती वेगळीच. म्हणून रस्त्यावर, जेटीवर किंवा समुद्रकिनाऱ्यावर मुलांच्या हातात थेट काही देऊ नये. सगळे साहित्य संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे आणि कोणाला काय द्यायचे ते तिलाच ठरवू द्यावे.

सोपवताना यादीच्या दोन प्रतींवर सही घ्यावी, एक त्यांना, एक आपल्याला. छायाचित्र काढायचे असेल तर आधी विचारावे, आणि मुलांचे चेहरे टिपण्याऐवजी साहित्याचे किंवा शाळेच्या फलकाचे काढावे. रांगेत उभी केलेली मुले आणि मध्ये आपण, हे चित्र कॉलनीच्या गटात टाकण्याची घाई झालेली असते, पण त्या मुलांच्या आईवडिलांना कोणी विचारलेले नसते. मुले प्रेमाने शिंपले किंवा पोवळ्याचा तुकडा देऊ करतील. पोवळ्यांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, तेव्हा ते कौतुकाने पाहून तिथेच ठेवून यावे. चित्र काढून दिले तर ते मात्र जरूर आणावे.

कधी कधी बंदरच चुकते. वारा वाढला, समुद्र खवळला तर लहान बोटी सोडता येत नाहीत आणि कप्तान ते बंदर वगळून पुढे जातो. याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नसतो. संस्थेला लगेच निरोप द्यावा, कारण तिथेही कोणी आपली वाट पाहत असते, आणि पुढच्या बंदरावर दिसेल त्याला देऊन बॅग हलकी करण्याची घाई करू नये. ते साहित्य नाशिकला परत आले तरी वाया जात नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत आश्रमशाळा आहेत आणि तिथेही मुले फुटबॉल खेळतात. मागच्या वर्षी आमची एक बॅग अशीच परत आली, तेव्हा मी सुरगाण्याकडच्या एका मुख्याध्यापकांना फोन करून काय हवे ते विचारले. ते म्हणाले, वह्या पुष्कळ आहेत बाई, पंपाची सुई असेल तर पाठवा.